रिपोर्ट नॉर्मल, मग दुखते काहून?

नागपूरच्या लॉ कॉलेज चौकाच्या परिसरात माझा दवाखाना आहे. पेशंटमध्ये होस्टेलची आणि खोली करून राहणारी मुलं बरीच. हिवाळी परीक्षेचं टाइमटेबल लागलं की पोटाच्या तक्रारी वाढतात, हे दर वर्षीचं. त्या संध्याकाळी चंद्रपूरकडची एक मुलगी जाडजूड फाइल घेऊन आली. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्त, थायरॉईड, स्टूल, सगळं झालेलं. मधेमधे जंतांच्या गोळ्या, अँटिबायोटिकचे कोर्स. आधीच्या डॉक्टरांनी 'काही नाही, टेन्शन घेऊ नको' म्हणून परत पाठवलेलं.

"सर, काहीच नाही निघालं, तर मंग दुखते काहून?" विचारता विचारता तिला रडू आलं.

मी फाइल मिटली आणि तिला बोलू दिलं. पहिल्या वर्षी मेसमध्ये गॅस्ट्रो झाला, तेव्हापासून हे सुरू. आठवड्यातून दोन-तीनदा मुरडा येतो, संडासला जाऊन आलं की उतरतो, शौच पातळ होते. रात्री दुखण्यानं झोपमोड होत नाही, रक्त पडत नाही, वजन घटलेलं नाही, हिमोग्लोबिन ठीक, घरात कुणाला आतड्याचा आजार नाही. यातलं एक जरी उलट असतं तर मी पुढच्या तपासण्यांना पाठवलं असतं. पण हे चित्र इरिटेबल बाउल सिंड्रोमचं, म्हणजे आयबीएसचं होतं. आयबीएस ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या 2016 च्या रोम निकषांतही हेच विचारलेलं आहे: तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस दुखणं, त्याचा शौचाशी संबंध, आणि सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची.

तिला सांगितलं, "बेटा, आजार खरा आहे. आतड्याला जखम नाही म्हणून एंडोस्कोपीत दिसत नाही. बिघाड आतड्याच्या हालचालीत आणि त्याच्या नसांत आहे." शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन, म्हणजे नसांचे निरोप पोचवणारं रसायन, आतड्यात असतं, मेंदू आणि पोट सतत एकमेकांशी बोलत असतात. गॅस्ट्रोनंतर काहींच्या नसा हळव्या होतात. मैत्रिणीला जाणवणारही नाही एवढ्या गॅसनं हिला कळ येते. पेपरची धास्ती त्यात भर घालते, पण दुखणं मनाचं नव्हे.

मग खाण्याकडे वळलो. तिनं मेसचं जेवण जवळजवळ सोडलं होतं. सकाळी तर्रीपोहे, आणि पोट बिघडलं की 'थंड असतं' म्हणून दूध-बिस्किटं. तर्रीत हरभरा, वर कच्चा कांदा, त्यात दुधातली लॅक्टोज नावाची साखर! ज्याला ती पथ्य समजत होती त्यानंच बहुधा पोट फुगत होतं. दूध काही आठवडे बंद, ताक-दही चालेल, पोहे तर्रीशिवाय, इसबगोल थोडं थोडं वाढवत, आणि मुरड्यावर एक गोळी. उपाशी राहायचं नाही, हे बजावून सांगितलं. पेपरच्या दिवशी ती पाणीसुद्धा पीत नसे.

खरी भीती त्यानंतर बाहेर आली. मागच्या परीक्षेत तिनं बाहेर जायची परवानगी मागितली, तेव्हा पर्यवेक्षकांनी सगळ्या वर्गासमोर कॉपीचा संशय घेतला होता. ऐकून मला फार राग आला. परीक्षाकेंद्रासाठी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. "सर, संडास नका लिहू," ती हळूच म्हणाली. मी लिहिलं: वैद्यकीय कारणास्तव दाराजवळची जागा आणि गरज पडल्यास बाहेर जाण्याची परवानगी द्यावी.

जागा मिळाली. पहिल्या पेपरला ती एकदा बाहेर जाऊन आली आणि उरलेले प्रश्न सोडवले. कळ अजून येते, पण कमी. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर दूध थोडं थोडं सुरू करून बघणार आहोत.