गेरू, तुळशीवृंदावन आणि माझी नागीण

आईची किडनी माझ्या पोटात बसवून चौदा महिने झाले होते. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, सगळं घड्याळ लावून घेत होतो. सोमवारी उजव्या बरगडीखाली आग सुरू झाली. शर्ट टेकला तरी चटका बसे. गाडीवर कुठेतरी लचक भरली असेल म्हणून दोन दिवस काढले. बुधवारी आंघोळीला गेलो तर पाठीपासून पोटापर्यंत लाल पट्टा आणि त्यावर पाण्याच्या फोडांचे घोस.

"अरे, ही तर नागीण!" आई म्हणाली. शेजारच्या काकू गेरू घेऊन हजर. "तोंड-शेपूट जुळलं की मग..." पुढचं त्या बोलल्याच नाहीत.

ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोटो पाठवला. उत्तर आलं, काही लावू नका, लगेच निघा. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झालेलं बरं.

डॉक्टरांनी पट्ट्यापेक्षा माझा चेहरा, छाती, डावी बाजूच जास्त वेळ तपासली. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळ मज्जातंतूंच्या गाठींत दडून असतो आणि प्रतिकारशक्ती दबली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. नस एकाच बाजूची, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेवर थांबतो. पण माझ्यासारख्यांत तो अंगभर पसरून फुप्फुसं, मेंदू गाठू शकतो. काकूंचं कारण चुकलं होतं, भीती तेवढी अगदीच चुकली नव्हती.

भरती झालो. शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध, डोस क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, बघून. सोबत सलाईन, कारण या औषधाचे स्फटिक किडनीत अडकू शकतात. मायकोफेनोलेट निम्मं केलं, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. विषाणूला आवरताना आईची किडनीच शरीराने नाकारली तर? रोज सकाळी क्रिएटिनिनचा आकडा येईपर्यंत चहा घशाखाली उतरत नसे. आकडा हलला नाही.

घरी आल्यावर खपल्या धरेपर्यंत गरोदर बहिणीला येऊ दिलं नाही, तिला कांजिण्या झालेल्या नव्हत्या. फोड सुकले, आग मात्र चार महिने पुरली. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनने झोप यायची, सकाळी डोकं जड.

आता नागिणीची लस घेतोय. जिवंत विषाणूची आम्हाला चालत नाही, ही तशी नाही. दुसरा डोस पुढच्या महिन्यात.

काकूंचा गेरू आईने तुळशीवृंदावनाला लावला.