टीपासून गवतापर्यंत

मी नाशिकची. आमच्याकडे 'गोल्फ क्लब' म्हणजे सकाळी चालायला जायचं मैदान, आणि हिवाळ्यात कधीमधी रणजीचा सामना. गोल्फची काठी तिथे कुणाच्या हातात मी कधीच पाहिली नाही. त्यामुळे वयाच्या ४२व्या वर्षी, ॲरिझोनात चँडलरला राहायला आल्यावर मी गोल्फ शिकायला लागले, तेव्हा आईने फोनवर विचारलं, "म्हणजे चालायलाच जातेस ना?" पहिली दोन वर्षं तरी तिचं फारसं चुकलं नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात न्यू जर्सीहून दिरांचा फोन आला. "वहिनी, फेब्रुवारीत आम्ही दोघं येतोय. चार राउंड खेळू. कोर्स तुम्ही निवडा, पण नीट तुलना करून, नंबर लावून पाठवा. आणि तो सोळावा होल पाहिजे म्हणजे पाहिजे." सोळावा होल म्हणजे टीपीसी स्कॉट्सडेल या कोर्सचा. (गोल्फमध्ये होल म्हणजे नुसता खड्डा नाही. 'टी', म्हणजे पहिला फटका मारायची जागा, तिथून त्या खड्ड्यापर्यंतचा अख्खा टप्पा. असे अठरा टप्पे म्हणजे एक राउंड.) दर फेब्रुवारीत तिथे फिनिक्स ओपन होते, तेव्हा त्या एका छोट्या होलभोवती अख्खं स्टेडियम उभं असतं आणि हजारो लोक आरडाओरडा करत असतात. १९९७ साली टायगर वुड्सने तिथे एका फटक्यात बॉल होलमध्ये घातला होता. दिरांनी तो व्हिडिओ मला निदान चार वेळा तरी पाठवला असेल.

फिनिक्स-स्कॉट्सडेल भागात शंभराच्या वर गोल्फ कोर्स आहेत. काही उत्तम कोर्स खासगी, तिथे सभासदाच्या ओळखीशिवाय पाऊल ठेवता येत नाही. ते वगळले तरी पाहुण्यांना पैसे भरून खेळता येतील असे ढीगभर उरतात. मी एक्सेल उघडलं. पेशाने मी टेस्टिंगवाली, तक्ता केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही असं नवरा म्हणतो. रकाने केले: कोर्स कुणी आखला, देखावा, गवताची निगा, दर, घरापासून अंतर, मासिकांच्या यादीतला नंबर. प्रत्येकाला वजन दिलं आणि बेरीज केली.

पहिला आला तो कोर्स असा, की जिथे मी आदल्या वर्षी अकरा बॉल हरवले होते आणि सहा होल अर्धवट सोडून कार्टमध्ये बसून राहिले होते. माझ्याच तक्त्याने मला वेड्यात काढलं.

घोडं कुठे अडलं हे कळायला आठवडा गेला. मासिकातल्या याद्या करणारे बहुतेक पुरुष, तेही मागच्या टीवरून अडीचशे यार्ड मारणारे. मी पुढच्या, म्हणजे खड्ड्याच्या जवळच्या टीवरून खेळते. माझा फटका जमून आला तर १२० यार्ड हवेत जातो, मग थोडा घरंगळतो. हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूचा दर्जा आकड्यात मांडायच्या पद्धतीत 'बोगी गोल्फर', म्हणजे साधारण खेळणाऱ्या बाईचा टी-शॉट १५० यार्डांचा धरतात. मी त्या हिशोबातही बसत नाही. त्यांच्या याद्यांवरून मी कोर्स निवडणं म्हणजे उंटावर बसलेल्याला शेळ्यांचा रस्ता विचारणं.

इथे जरा वाळवंटी कोर्सची रचना सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. साध्या कोर्सवर टीपासून ग्रीनपर्यंत, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंत, सगळीकडे गवत असतं. इथे गवताची बेटं असतात. टीचं एक लहान बेट, मग मध्ये वाळवंट, मग फेअरवे, म्हणजे खेळायचा कापलेल्या गवताचा पट्टा, कधी परत वाळवंट, मग ग्रीन. हे नुसतं शोभेसाठी नाही. ॲरिझोनाने १९८० साली भूजलाचा कायदा केला. त्यानंतर या भागातल्या नव्या १८ होलच्या कोर्सला पाणी घातलेलं गवत साधारण ९० एकरांपर्यंतच ठेवायची मर्यादा आली. मग आखणाऱ्यांनी टीपुढचं गवत काढून टाकलं, तिथे बॉल पडूच नये अशी अपेक्षा. ती अपेक्षा माझ्यासारखीने पुरी करायची!

म्हणून मी नवा रकाना केला: 'टी ते गवत'. स्कोअरकार्डवर हा आकडा कुठेच नसतो. तिथे होलची एकूण लांबी असते आणि स्लोप, म्हणजे साधारण खेळाडूला कोर्स किती अवघड जातो याचा आकडा असतो. स्लोप ५५ ते १५५ च्या मध्ये, ११३ म्हणजे मध्यम. पण कमी स्लोपच्या कोर्सवरही एखादा होल असा निघतो, की पुढच्या टीवरूनसुद्धा शंभर यार्ड ओढा पार करायचा. मग मी रात्री जेवणं उरकल्यावर उपग्रहाचे नकाशे उघडून बसायची आणि मोजपट्टीने पुढच्या टीपासून हिरव्या कडेपर्यंत एकेक होल मोजायची. ८० यार्डांच्या आत असेल तर बिनघोर, ८० ते ११० म्हणजे देवाचं नाव घ्यायचं, त्याच्या वर म्हणजे बॉल पिशवीतला सगळ्यात जुना काढायचा. वीसेक कोर्स असे मोजले. नवरा म्हणाला, "एवढी मोजणी तर तलाठीसुद्धा करत नाही."

मग प्रत्यक्ष पाहणी. जानेवारी ते मार्च इथे सुगीचा काळ, नामांकित कोर्सचा एका राउंडचा दर तीनशे डॉलरच्या पुढे सहज जातो. जुलैत तोच तिसऱ्या हिश्शावर येतो, कारण दुपारी ४३-४४ अंश असतं. ॲरिझोनात घड्याळं उन्हाळ्यात पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य वर येतो. मी पहिली टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ घ्यायची, कार्टच्या बर्फपेटीत ओले पंचे ठेवायची आणि नऊला घरी. जून-जुलैत सात कोर्स असे पाहून घेतले. यादी तयार झाली म्हणून मी खुशीत.

ऑक्टोबरात पहिले पाढे पंचावन्न. उन्हाळ्यात इथे बर्म्युडा गवत असतं, ते थंडीत पिवळं पडून झोपी जातं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात ते अगदी खरवडून कापतात, वर राय गवताचं बी पेरतात, दोन-तीन आठवडे कोर्स बंद ठेवून दिवसातून कितीदा तरी पाणी देतात. एका कोर्सची 'पुन्हा सुरू' अशी मेल आली, मी लगेच पूर्ण पैसे भरून गेले. सगळीकडे लुसलुशीत हिरवं, फोटो काढावा असं, आणि पाय ठेवला की पचक पाणी. कार्ट फक्त सिमेंटच्या वाटेवर. म्हणजे बॉल फेअरवेच्या पलीकडच्या कडेला असेल तर तीन काठ्या घेऊन चिखलातून चालत जायचं, चौथीच लागेल असं तिथे गेल्यावर कळायचं, मग परत. ग्रीनवर बॉल सतरंजीवरून ढकलल्यासारखा. साडेपाच तास लागले. बुकिंगच्या पानावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. तेव्हापासून फोन करून दोनच प्रश्न विचारते: पेरणी कधी झाली, आणि कार्ट गवतावर नेता येते का?

शिवाय उन्हाळ्यात कडक जमिनीवर माझा बॉल वीस यार्ड पळायचा, तो आता ओल्या रायवर पडला की जागच्या जागी. म्हणजे जुलैतल्या यादीतले लांबीचे गुण सगळे चुकलेले. नोव्हेंबर-डिसेंबरात वर्कआउट समजून परत चार ठिकाणी खेळले.

शेवटी उरलेली यादी अशी. पहिला वी-को-पाचा सवारो कोर्स. (स्पेलिंगमध्ये 'ग' असला तरी तो उंच, हात वर केलेला निवडुंग 'सवारो'च. आणि 'चोला' लिहिलेला तो 'चोया'. मी वर्षभर सगुआरो-चोला म्हणत होते, कुणी हसलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.) फोर्ट मॅकडॉवेल यावापाई नेशन या मूलनिवासी जमातीच्या जमिनीवर २००६ साली बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी तो आखला. फेअरवे ऐसपैस, चुकलेल्या फटक्यालाही गवत सापडतं, आणि एका ग्रीनवरून पुढच्या होलची टी इतकी जवळ, की पायी खेळता येतं. वाळवंटी कोर्सवर ही चैन दुर्मीळ. आसपास एकही घर नाही. शेजारचा चोया कोर्स २००१चा, स्कॉट मिलरचा. देखणा आहे, पण दऱ्या ओलांडत जातो. माझ्या यादीत तो बराच खाली.

दुसऱ्या नंबरवर टॉकिंग स्टिकचा ओ'ओडम, तोही कूर-क्रेनशॉचाच. सपाट जमीन, पहिल्यांदा पाहिलं तर 'यात काय एवढं' वाटतं. मलाही वाटलं होतं. तिसऱ्यांदा खेळले तेव्हा कळलं, की फटका कुठून येतोय यावर ग्रीनचं सगळं अवलंबून असतं, आणि इथे ताकदीपेक्षा डोक्याचं काम आहे. तिसरा पापागो, फिनिक्स शहराचा सार्वजनिक कोर्स, मागे लाल खडकांच्या टेकड्या. १९६३चा, म्हणजे त्या कायद्याच्या आधीचा, त्यामुळे गवत आणि झाडं भरपूर. स्वस्त आणि पायी खेळायला छान. याला 'वाळवंटी' म्हणायचं का, यावर घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, पाऊस नाही, निवडुंग आहे, मग अजून काय पाहिजे?

ट्रून नॉर्थचा मॉन्युमेंट चौथा. टॉम वाइसकॉफ आणि जे मॉरिश या जोडीने टीपीसी स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स १९८६ साली केला आणि चार वर्षांनी हा. पिनॅकल पीकच्या पायथ्याशी हत्तीएवढ्या शिळा. देखावा मोजायचा तर हाच पहिला. पण इथे तुलना करताना मी एकदा तोंडावर आपटले. २००७ मध्ये तिथल्या दोन्ही कोर्सचे नऊ-नऊ होल एकमेकांत बदलले. मी जुनी वर्णनं वाचून टिपणं काढली होती, ती नकाशाशी जुळेचनात. दोन रात्री फुकट गेल्या. टीपीसीला मी सातवा नंबर दिला आणि दिरांसाठी तारांकित केला.

फेब्रुवारीच्या शेवटी मंडळी आली. सवारोला पहिल्याच सकाळी गवतावर दहिवर. निफाडला पारा उतरला की पेपरात 'दवबिंदू गोठले' म्हणून फोटो येतो, अगदी तसं. गोठलेल्या गवतावर पाय पडला तर पातं मोडतं आणि काळे ठसे उमटतात, म्हणून ते वितळेपर्यंत कुणालाही सोडत नाहीत. दीर हाफ पँटमध्ये हात चोळत उभे. "वहिनी, न्यू जर्सीतली थंडी सोडून मी वाळवंटात दहिवर वितळायची वाट बघतोय!"

दुसऱ्या दिवशी चोया कोर्सवर जायचं हा त्यांचाच हट्ट. सातव्या-आठव्या होलला त्यांचा बॉल उजवीकडे वाळवंटात गेला. तिथे बहुतेक कोर्सवर कार्डावरच सूट छापलेली असते: वाळवंटाच्या कडेला बॉल टाका, एक फटका दंड, आत जाऊ नका. दीर चार डॉलरच्या बॉलसाठी आत गेले. परत आले ते एका पायावर. पोटरीला चोयाचा लिंबाएवढा तुकडा चिकटला होता. कुसळांनी भरलेला, उन्हात सोनेरी, दिसायला गोंडस. "थांबा, हात लावू नका," म्हणेपर्यंत त्यांनी हात लावला. आता अर्धा पोटरीला, अर्धा दोन बोटांना. या काट्यांना सूक्ष्म उलटी खवलं असतात, ओढलं की कातडी तंबूसारखी वर येते. माझ्या पिशवीत त्यासाठी मोठ्या दातांचा कंगवा असतो. तुकड्याखाली तो सरकवला, दिरांना समोरच्या डोंगराकडे बघायला सांगितलं आणि झटक्यात उडवला. तुकडा सहा फुटांवर जाऊन पडला. उरलेले काटे चिमट्याने काढेपर्यंत मागून आलेले दोन गट पुढे गेले. जाऊ गोल्फ खेळत नाही, नुसती कार्टमध्ये बसून येते. ती शांतपणे म्हणाली, "कोर्स नावाला जागला."

टीपीसीला स्पर्धेचे स्टँड अजून उतरवत होते. सोळाव्यावर अर्ध्या रिकाम्या खुर्च्या, एका बाजूला नुसते लोखंडी सांगाडे आणि हातोड्यांचे आवाज. दिरांचा फटका ग्रीनच्या डावीकडे. स्पर्धेत ग्रीन चुकलं की लोक हुर्यो करतात, हे जावेने कुठेतरी वाचलं होतं. तिने कार्टमधूनच अशी हुर्यो उडवली, की वरच्या सांगाड्यावरचे कामगारही सामील झाले. मी पुढच्या टीवरून मारला, बॉल ग्रीनच्या अलीकडे पडला आणि चिंचोळ्या जागेतून घरंगळत वर चढला. टाळ्या पडल्या. सात-आठ कामगारांच्या, पण पडल्या. त्या रात्री टीपीसी मी सातव्यावरून पाचव्यावर आणला, आणि हे मापात बसत नाही हे मला कबूल आहे.

चौथा राउंड पापागोला झाला. निघायच्या आदल्या रात्री दिरांनी स्वतःची यादी केली: पहिला टीपीसी, दुसरा चोया (पोटरीवर लाल ठिपके असताना!), सवारो तिसरा, 'फार सोपा' म्हणून. जावेलाही कागद दिला. तिने सवारो पहिला लिहिला. मला वाटलं, निदान हिला तरी रुंद फेअरवे दिसले. विचारलं तर म्हणाली, "तिथे तुम्ही चालत होतात, कार्ट मला एकटीला मिळाली. आणि एक कोल्हा अगदी जवळून गेला."