वाण नंतर, आधी पाळ्या मोजल्या

कृषी सेवा केंद्रात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "कोणता गहू देऊ?" वाणाचं नाव ठरवण्याआधी मी दोन गोष्टी कागदावर लिहितो: सोयाबीन निघून वाफसा (पेरणीजोगी ओल) कधी येतोय आणि पाण्याच्या किती पाळ्या नक्की मिळणार. शेजारच्या शेतात काय पिकलं हे त्यानंतर.

माझ्या दोन एकरांचं पाणी वेगळं होतं. विहिरीखालच्या एकराला चार-पाच पाळ्या बसत होत्या, दुसऱ्याला पाटाची दोनच आवर्तनं, म्हणजे कालव्याचं पाणी दोनदाच. म्हणून विहिरीखाली फुले समाधान घेतला. तो वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो, त्यामुळे रान आठ दिवस उशिरा मोकळं झालं तरी बियाणं बदलावं लागत नाही. तपोवन किंवा त्र्यंबकही चालला असता, पण ते वेळेवरच्या पेरणीचे. पाटाच्या एकरात नेत्रावती, कारण तो मुळात एक-दोन पाण्यांसाठीच आहे. शेवया-कुरडयांचा बन्सी (कठीण दाण्याचा) गहू हवा असेल तर गोदावरी, पण त्यालाही भरपूर पाणी लागतं. लोक-१ ला आमच्याकडे अजून मागणी आहे, पण तो तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या तांबूस बुरशीच्या रोगाला, बळी पडतो. तांबेऱ्याचे बीजाणू दक्षिणेकडून वाऱ्याबरोबर येतात, आपलं रान कितीही स्वच्छ असलं तरी. मग फवारण्यांवर पैसे घालण्यापेक्षा वाणातच प्रतिकार असलेला बरा.

बियाणं "एकरी चाळीस किलो" असं डोळे झाकून टाकलं नाही. हजार दाणे मोजून काट्यावर ठेवले. ४० ग्रॅम भरले तर ४० किलोत दहा लाख दाणे होतात. उगवण ८५ टक्के धरली की एकरी साडेआठ लाख रोपं, म्हणजे पुरेशी. दाणा ठोकळ असून हजारी वजन ५० ग्रॅम भरलं तर तेवढ्याच रोपांना ५० किलो लागतं. किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळलं, पेरणीच्या आधी अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी ही जिवाणू खतं लावून सावलीत सुकवलं.

पेरणीयंत्र नऊ फणांचं, दोन ओळींत साडेबावीस सेंटीमीटर. नळ्यांना पिशव्या बांधून ५० मीटर चालवलं की जमणारं बी एका एकराच्या चाळिसाव्या भागाचं असतं. एकरी ४० किलो हवं तर पिशव्यांत मिळून एक किलो भरायला हवं. पहिल्या फेरीला सव्वा किलो आलं. तसंच पेरलं असतं तर एकरी दहा किलो जास्त पडून गहू दाट झाला असता. खोली पाच-सहा सेंटीमीटरच ठेवली. दहा दिवसांनी एक मीटर ओळीत ४५ ते ५० रोपं दिसली तर सगळं जमलं.

खताचा डोस पाण्यावर ठरतो. पूर्ण पाण्याला हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र:स्फुरद:पालाश, म्हणजे एकरी साधारण ५० किलो डीएपी, २७ किलो पोटॅश आणि ३३ किलो युरिया पेरताना. बाकी ५२ किलो युरिया विसाव्या दिवशी. दोन पाण्यांच्या एकराला ८०:४०:४० च्या हिशेबाने ६२ किलो १०:२६:२६ हे मिश्रखत आणि २१ किलो युरिया, नंतर ३५ किलो. इथेही पूर्ण डोस दिला तर गहू हिरवागार वाढतो, पण ऐन दाणा भरताना ओल संपते आणि दाणा सुरकुततो.

अठराव्या-विसाव्या दिवशी एक रोप उपटून पाहतो. जमिनीच्या वरच्या थरात, खोडाच्या बुडाशी पांढरी जाड मुळं फुटू लागलेली दिसतात, तीच मुकुटमुळं. हे पाणी हुकलं की फुटवे (बुडातून फुटणाऱ्या बाजूच्या काड्या) कमी येतात, आणि ते नंतर भरून निघत नाही. युरिया पाण्याच्या अगदी आधी किंवा वाफशावर देतो. मातीवर उघडा पडून राहिलेल्या युरियातला नत्र वायू होऊन हवेत उडतो. विहिरीखाली पुढची पाणी कांडी धरताना (४०-४५ दिवस), फुलोऱ्यात (६०-६५) आणि दाणा भरताना (८०-८५). दोनच पाणी असतील तर विसावा आणि साठावा-पासष्टावा दिवस. पाटाचं आवर्तन काही तारखा पाहून येत नाही, म्हणून पेरणीचाच दिवस आवर्तनाकडे बघून धरला. शेवटच्या पाण्याला वारा सुटला असेल तर थांबतो. भरल्या ओंब्या ओल्या रानात लोळतात.

रुंद पानांच्या तणाला तिसाव्या दिवसाच्या सुमारास ओलीवर मेटसल्फ्युरॉन मिथाईल, २० टक्क्यांची पावडर, एकरी आठ ग्रॅम. बांधापलीकडे हरभरा असेल तर तणनाशक उडून त्यावर पडू नये म्हणून वारा बघूनच पंप उचलावा.

उशिराच्या पेरणीचं म्हणाल तर १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटतं असं धरतात, कारण दाणा भरताना ऊन गाठतं. उशीर झालाच तर एकरी ५० ते ६० किलो बियाणं आणि १८ सेंटीमीटरच्या ओळी. डिसेंबरच्या मध्यानंतर मात्र त्या रानात गव्हाचा हट्ट सोडतो.

ओंब्या बाहेर पडल्या की उंच-बुटकी, वेगळ्या कुसळांची भेसळीची झाडं मुळासकट उपटली. गहू स्वपरागी असल्याने घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. त्यासाठी मधल्या भागातला गहू वेगळा मळला, दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवला आणि ४५ किलोची एक पिशवी शिवून माळ्यावर ठेवली.