एस्टीम व्हीएक्सआय २००५ : टॅपेटपासून हेडरपर्यंत सहा रविवार

काल रविवारी माझ्या मारुती एस्टीमला हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा खास जोड, बसला. संध्याकाळी साडेसहाला सेल्फ मारला, गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली आणि मी आणि मित्र दहा मिनिटं बॉनेटजवळ नुसते ऐकत उभे होतो. कुठं फुस्स नाही, कुठं टकटक नाही. एस्टीमसारख्या जी-१३ इंजिनाच्या गाड्या सांभाळणारे अजून बरेच जण आहेत, म्हणून सहा रविवारांत काय काय केलं ते सविस्तर लिहून ठेवतोय.

गाडी मूळची काकांची. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, नवी असताना ८५ अश्वशक्तीची. काकांनी ती बारा वर्षं एलपीजीवर चालवली, कोल्हापूर ते इचलकरंजी. माझ्याकडे आली तेव्हा १,३२,००० किलोमीटर झाले होते. मी किट काढलं, आरसीवरची एलपीजीची नोंद कमी करून घेतली, पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं. पण गाडीत दम नव्हता. पन्हाळ्याला जाताना वाघबीळ सोडलं की तिसऱ्या गिअरमध्ये धाप लागायची आणि दुसरा टाकावा लागायचा.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं : हेडर, फिल्टर, मोठी चाकं. माझा मित्र शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या लेथ शॉपमध्ये काम करतो. शाळेपासूनची दोस्ती, आणि गाड्यांचा नाद दोघांनाही सारखाच. मी यादी दाखवली तर त्यानं ती घडी करून खिशात ठेवली. म्हणाला, "भावा, आधी इंजिन काय म्हणतंय ते बघूया की. गेलेलं परत आणू, मग वाढवायचं बघू."

हे वाक्य त्या दिवशी मला फार आवडलं नव्हतं. आज वाटतं, सगळ्या कामाचा पाया तेच होतं.

पहिला रविवार कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासण्यात गेला. इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, पेट्रोल पंपाचा रिले काढला, इग्निशनचं कनेक्शन सोडलं. मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारत होतो आणि तो गेज वाचत होता. १७२, १७०, १४६, १६८ पीएसआय. तिसरं सिलिंडर सरळ मागे. त्यानं प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. तो १४९ वर थांबला. म्हणजे गळती रिंगांतून नव्हती, व्हॉल्व्हमधून होती.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी टॅपेट कव्हर काढलं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग; थंड इंजिनात त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधे थोडी फट लागते. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्हना फिलर गेजचं सगळ्यात पातळ, ०.०५ मिलिमीटरचं पातं सुद्धा आत जाईना. फट शिल्लकच नव्हती. एलपीजीवर बरीच वर्षं चाललेल्या गाड्यांत हे होतं : गॅस कोरडा, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिच्यावर टेकून मिटतो ती सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तसंच चालवत राहिलो असतो तर व्हॉल्व्ह जळाला असता. आणि मी त्या इंजिनावर हेडर लावायला निघालो होतो.

सोळाही टॅपेट मॅन्युअलमधल्या आकड्यावर सेट केले. पातं ओढताना हलकीशी अडखळ लागली पाहिजे, बंद वहीतून मधलं पान ओढल्यासारखी. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे आवळल्यावर प्रत्येक टॅपेट पुन्हा मोजला. तिसऱ्याचे तर तीन-तीनदा. नवे प्लग, नवा एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ. पुढच्या रविवारी पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं तर तिसरं १६६ वर आलं होतं. मित्रानं गेज माझ्यासमोर धरलं आणि काहीच बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

तिसरा रविवार ब्रेकचा. यावर मी हट्ट धरला, कारण मला घाट आवडतात आणि आंबा घाट उतरताना एकदा पेडल खाली गेलेलं मी अनुभवलंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. कोरड्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात डिस्क तापली की ते उकळतं, वाफ होते, वाफ दबते आणि पाय फरशीला लागतो. आमच्या गाडीतलं ऑइल काळ्या चहासारखं निघालं. पुढच्या नव्या डिस्क, नवे पॅड, स्टीलच्या जाळीचे होज आणि ताजं डॉट ४. मागचे ड्रम उघडून साफ केले, लायनर ठीक होते, ते ठेवले.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं हे एकट्याचं काम नाही, आणि दोघांचं असलं तरी कोणाही दोघांचं नाही. मी पेडलवर, तो चाकाशी, मधे पारदर्शक नळी बाटलीत बुडवलेली.

"दाबलंय?"

"दाबलंय."

"धर." निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, अर्धा आटा सोडलं की पेडल पायाखाली हळूच विरघळल्यासारखं जातं. "अजून धर. सोड म्हणल्याशिवाय पाय उचलायचा नाय." मग निपल बंद. "आता सोड."

चारही चाकांचं मिळून हे साठ-सत्तर वेळा तरी झालं असेल. शेवटी नळीतून मधाच्या रंगाचं, एकही बुडबुडा नसलेलं ऑइल आलं आणि पेडल अर्ध्यावरच दगडासारखं थांबलं. गाडीत केलेल्या सगळ्या बदलांपैकी रोज जाणवणारा हाच.

चाकांचं थोडक्यात : आधी १७५/७० आर १३ होते, आता १८५/६० आर १४. बाहेरचा व्यास ५७५ मिलिमीटरचा ५७८ झाला, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक. स्पीडोमीटर बिघडत नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, मागे तिघांना बसवून बघितलं, कुठं घासत नाही. वळणावर गाडी आता नीट रेटून बसते.

मग हेडर. तयार आणण्याऐवजी आम्ही शेडमध्येच करायचं ठरवलं, आणि खरा आनंद या दोन रविवारांत मिळाला. चार-दोन-एक डिझाइन : चार पाइपांचे आधी दोन, मग दोनांचा एक. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२, म्हणून १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. जोडीतल्या दोघांचा धूर बरोबर एक पूर्ण फेऱ्याच्या अंतरानं येतो, त्यामुळे एकाचा दाब दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर उलटा जात नाही. चारही पाइप थेट एकात जाणाऱ्या चार-एकमध्ये अगदी वरच्या आरपीएमला थोडं जास्त मिळतं असं बरेच जण म्हणतात, पण मला ताकद अडीच ते साडेचार हजारांत हवी होती. घाटात इंजिन तिथंच फिरत असतं.

पाइप ३८ मिलिमीटरचे, स्टेनलेस ३०४. हेडर इंजिनाला बसतो ती पट्टी, म्हणजे फ्लँज, १० मिलिमीटर जाडीचा, जुन्या पॅकिंगवरून छाप घेऊन कापला. वेल्डिंग आर्गॉनवर. आर्गॉन मारताना फ्लँज तापून केळ्यासारखा वाकतो, म्हणून मित्रानं भंगारातून इंजिनाचं एक जुनं हेड (वरचा भाग) आणलं आणि फ्लँज त्याच्यावर आवळून मगच टाके मारले. एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला, मधे थांबून गार होऊ द्यायचं. सगळं झाल्यावरही तो सरळपट्टी लावून बसला, एका कडेखालून कागद सरकला, आणि फ्लँज पुन्हा लेथवर सपाट करायला, फेसिंगला, गेला. ओ-टू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बसवायचा बंग, म्हणजे आट्याची बुशिंग, चारही पाइप एकत्र येतात त्याच्या लगेच पुढे बसवला, कारण सेन्सरला चारही सिलिंडरांचा धूर मिळायला हवा आणि तो लवकर तापायलाही हवा. त्याच्या मागचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि कंपनीचा सायलेन्सर तसाच आहे. आवाज वाढवायचा नव्हता.

हेडरच्या जागी आधी असलेला कंपनीचा जुना मॅनिफोल्ड काढताना दोन नंबरच्या सिलिंडरचा खालचा स्टड (हेडमध्ये बसवलेला आट्याचा दांडा) तुटला. आदल्या रात्रीपासून रस्ट रिमूव्हर सोडलं होतं, पाना सावकाश चालवत होतो, तरी हाताला एकदम मऊ लागलं आणि नट स्टडच्या तुकड्यासकट बाहेर आला. पोटात गोळा आला. हेड अ‍ॅल्युमिनिअमचं, ड्रिल थोडं जरी तिरकं गेलं तरी भोक वाया. मी ड्रिल मशीन शोधायला लागलो तेवढ्यात मित्राचे वडील, आमचे आप्पा, शेडच्या दारातून आत आले. वाकून बघितलं, खिशातून चष्मा काढला, पुन्हा बघितलं.

"तीन मिलिमीटर बाहेर आहे की रं. ड्रिल ठेव तिकडं."

"आप्पा, तुम्ही बघता का?"

"बॅटरी काढ. ईसीएमचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) सॉकेट पण काढ."

तुटक्या स्टडवर त्यांनी एक साधा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून आतल्या बुडख्यावर वेल्डिंग भरलं. आत लाल ठिपका, कडेनं निळसर धूर. मी लगेच पाना पुढे केला तर म्हणाले, "थांब पोरा, काळं पडू दे." नट लाल होता तो राखाडी झाला, मग काळा. मगच त्यांनी पाना लावला आणि काढण्याऐवजी आधी आवळायच्या दिशेला केसभर हलवला. मग उलट. पुन्हा आवळ, पुन्हा उलट. चौथ्या वेळेला बारीक 'किर्र' असा आवाज झाला आणि स्टड फिरायला लागला. तापून प्रसरण पावलेला स्टड थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण केव्हा पाना लावायचा ते रंगावरून ओळखणारे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. आतले आटे शाबूत होते. टॅप हातानं फिरवून साफ केले, सगळे स्टड नवे घातले, तांब्याचं अँटी-सीझ लावून.

आता आकडे. मोजमाप दर वेळी सारखंच : शहराबाहेरचा सपाट सरळ रस्ता, पहाटे सहा, गाडीत आम्ही दोघं, टाकी अर्धी, तिसरा गिअर, ४० ते ८०, वेग मोबाइलच्या जीपीएसवर. जाताना तीनदा, येताना तीनदा, मग सरासरी. कामाआधी १०.४ सेकंद. टॅपेट, प्लग, फिल्टर यांनंतर ९.१. हेडरनंतर ८.८. म्हणजे मिळालेल्या १.६ सेकंदांपैकी १.३ नुसत्या टॅपेट सेटिंग आणि सर्व्हिसमधून आले. हेडर उत्तम झालाय आणि मला त्याचा अभिमान आहे, पण ज्यांची गाडी लाखाच्या पुढे गेलीय त्यांनी पहिला पैसा कॉम्प्रेशन गेजवर घालावा, असं मी मनापासून सांगेन.

बलेनोचं १५९० सीसी इंजिन टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मोह झाला होता. पण कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आला, आणि आरसीवरचा इंजिन नंबर आणि क्षमता काकांच्या गाडीचीच राहावी असं मला वाटतं. विमा कंपनीला चाकांचा आणि हेडरचा बदल लेखी कळवलाय.

आज सकाळी काकांना घेऊन पन्हाळ्याला गेलो. वाघबीळ आलं तेव्हा त्यांचा हात सवयीनं गिअरच्या दांडीकडे गेला, चालवत मी होतो तरी. तिसऱ्यातच राहू दिलं, गाडी वरपर्यंत तशीच गेली. काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "नवी घेतली तेव्हा अशी होती."

उरलेलं काम : दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर हेडरचे स्टड पुन्हा आवळायचे, कारण पॅकिंग तापून बसतं. जवळून जाणाऱ्या वायरिंगला उष्णतारोधक स्लीव्ह घातलीय, ती कुठं करपतेय का बघायचं. १,००० किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा मोजणार, कारण सीट अजून झिजत असेल तर ती तिथंच कळेल. पुढच्या रविवारी सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुश. ते प्रेसवर काढायचे आहेत आणि आप्पांनी प्रेस आधीच रिकामा करून ठेवलाय.