बापूंचा मोतीबिंदू आणि पॅकेजचा तक्ता

बापूंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पार तपकिरी झालेला. सेलूहून संभाजीनगर, शुगर, बीपी, डोळ्याची मापं, सगळं दुपारच्या आत उरकलं. अडलं ते काउंटरवर.

काउन्सेलर मॅडमनी चार पॅकेजचा तक्ता पुढं सरकवला. सगळ्यात महाग ‘ब्लेडविरहित लेझर’. मी विचारलं, एवढ्या कडक मोतीबिंदूला कमी धोक्याचं कोणतं? “ते सर ठरवतात, तुम्ही पॅकेज ठरवा.” मग सरांना भेटू द्या. “पॅकेज ठरल्यावर भेटतील.” असं तीन तास! मधे जेवणाची सुट्टी. बापू बाकावर पेंगायलेत, मी तक्ता पाठ करायलोय. लेन्सच्या कंपन्या होत्या, हप्त्यांची सोय होती, नाश्तासुद्धा होता. डोळ्यात नक्की काय करणार, त्याचा शब्द नाही. शेवटी आवाज चढवला. चुकलं असेल, पण दार उघडलं.

डॉक्टरांनी चार मिनिटांत उलगडून सांगितलं. एक पद्धत फेको: चीर २.२ ते २.८ मिलिमीटरची, थरथरणारी सुई मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेते. कडक असला की ऊर्जा जास्त लागते, कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. दुसरी पद्धत हाताची: चीर सहा-सात मिलिमीटर, वेक्टिस नावाच्या कडीवर मोतीबिंदूचा अख्खा गर बाहेर. टाका बहुधा तिलाही लागत नाही.

“म्हंजी पोतं घरातच फोडायचं, का दार मोठं करून अख्खं काढायचं,” बापू म्हणाले.

आणि लेझर? ते चीर देतं, गराचे तुकडे करतं. पुढं सुई फेकोचीच. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत केलेली तुलना २०२० साली छापून आली, त्यात लेझर सरस ठरलं नाही. आमचं हातानंच ठरलं. डॉक्टरांचा त्यात हात बसलेला, हेही मी विचारून घेतलं. भिंगामागची पिशवी जेमतेम ४ मायक्रॉन जाडीची, ती फाटू नये यासाठीच सगळा जीव टांगणीला.

हे आधी सांगायला हवं होतं: गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. फॉर्मवरचा ‘इतर औषधे’ रकाना मी कोराच सोडला होता. बापूंना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू. त्यानं आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, ढिली पडते, बाहुली ऐनवेळी आकसते, बारीक हुक लावून धरावी लागते. गोळी बंद केली असली तरी सांगा.

पट्टी निघाल्यावर बापूंनी काउंटरवरचा तोच तक्ता वाचला. “ह्यात तर नुसते भावच लिवलेत की!”

डावा डोळा दिवाळीनंतर.