अडीच टक्के आणि पाण्यावरचे तीन कंटेनर

1 जून 2019, शनिवार. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधून गाड्यांचे सुटे भाग अमेरिकेला जातात आणि निर्यातीची कागदपत्रं माझ्याकडे असतात. सकाळी मेल उघडली तर तिथल्या कस्टम ब्रोकरचा, म्हणजे आमच्या मालाची तिथली आयातीची कागदपत्रं भरणाऱ्याचा, निरोप होता. ट्रम्प यांनी आदल्या दिवशी सही केली, 5 जूनपासून भारताची जीएसपी सवलत बंद.

जीएसपी म्हणजे विकसनशील देशांच्या ठरावीक मालाला आयात शुल्क माफ. ती नसेल तर आमच्या ब्रॅकेटवर तेव्हा अडीच टक्के लागत. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंच ना! पण या धंद्यात सगळा खर्च जाऊन हातात चार टक्के उरतात, फार तर पाच.

सवलत काढणार असल्याची नोटीस मार्चमध्येच आली होती. मेच्या सुरुवातीला तिची मुदत संपली, पण इकडे निवडणुका चालू होत्या आणि काहीच घडलं नाही. त्यामुळे न्हावा शेवाहून माल जात राहिला. त्या सकाळी तीन कंटेनर पाण्यावर होते. माल इथून कधी निघाला याला किंमत नव्हती, तिथे आयातीची नोंद कधी होते ते बघणार होते. आमचा सौदा डीडीपी, म्हणजे शुल्कासकट माल गिऱ्हाइकाच्या गोदामात पोचवायची जबाबदारी आमची. प्रत्येक कंटेनर साधारण 80 हजार डॉलरचा. हिशेब मांडला तर एकेकामागे दोन हजार डॉलर जाणार होते.

त्यातलं एक जहाज 4 तारखेला बंदराला लागणार होतं. तेवढं तरी वाचवायचं. पण तिकडे मध्यरात्र, ब्रोकर फोन कसला उचलतोय! तोवर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि मालाची निदान 35 टक्के किंमत भारतातली असल्याचा खुलासा, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलं. जीएसपी मागायची तर तिथल्या अर्जात शुल्क-क्रमांकाच्या आधी ‘ए’ हे अक्षर घालावं लागायचं. ते आहे ना, हे ब्रोकरला दोनदा विचारायचं मी वहीत लिहून ठेवलं.

दुपारी साहेब केबिनमधून बाहेर आले. “हे नेमकं कशावरून झालं रे?”

सांगितलं. अमेरिकेतल्या दूधवाल्यांच्या संघटनांची तक्रार होती. ज्या गुरांच्या खाद्यात दुसऱ्या प्राण्यांचे अंश नाहीत अशांच्याच दुधाचे पदार्थ आम्ही घेऊ, असं भारत म्हणतो. दुसरी तक्रार वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांची, 2017 मध्ये आपण स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या नळीच्या, किमतीला मर्यादा घातली म्हणून.

साहेबांची अँजिओप्लास्टी 2018 ची. ते म्हणाले, “म्हणजे स्टेंटमध्ये वाचले ते आता कंटेनरमध्ये भरा!”

माझ्या मते किमतीची ती मर्यादा योग्यच होती. पण दोन सरकारांच्या ओढाताणीत आमच्यासारखे छोटे कारखानदार कुणाच्याच हिशेबात नसतात, हेही तितकंच खरं. गंमत म्हणजे या सवलतीचा ठराव दिल्लीतच झाला होता, 1968 साली, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या म्हणजे अंक्टाडच्या दुसऱ्या अधिवेशनात. परिषदेचे महासचिव राऊल प्रेबिश मूळचे अर्जेंटिनाचे. गरीब देशांनी कच्चा माल विकत बसू नये, कारखान्यातला माल विकावा आणि त्यासाठी श्रीमंतांनी शुल्क सोडावं, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेने 1976 पासून ते केलं, पण करार म्हणून नव्हे, आपल्या मर्जीने आणि आपल्या अटींवर.

संध्याकाळी साडेसातला ब्रोकर भेटला. बिचारा नाश्ता सोडून बसला. जहाज 4 तारखेलाच लागलं, ‘ए’सकट नोंद झाली, पहिला कंटेनर सुटला. मागच्या दोघांचं शुल्क आम्ही भरलं.

16 जूनला भारताने बदाम, अक्रोड, सफरचंदांसह 28 अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क लावलं. त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. गिऱ्हाईक टिकलं ते वेगळ्याच भांडणामुळे. चीनच्या बऱ्याच मालावर अमेरिकेने 10 मेपासून 25 टक्के लावले होते आणि आमचा पर्याय असलेला चिनी कारखाना त्यातच सापडला. 2023 मध्ये बदाम-सफरचंदांचं जादा शुल्क भारताने काढलं, जीएसपी मात्र परत आली नाही. त्या जूनपासून डीडीपीचं कोटेशन देताना आम्ही एक ओळ टाकतो: शुल्क वाढल्यास फरक खरेदीदाराचा. पहिल्या फटक्यात कुणी मान्य करत नाही. शेवटी फरक निम्मा-निम्मा ठरतो.