सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लेकीसाठी घोडी शोधताना

आमचं घर इंदूरच्या पागनीस पागेत. नावातच पागा आहे, पण लग्न होऊन आल्यापासून या गल्लीत मी घोडा पाहिला तो वरातीचाच. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून इशाऱ्यावर नेमक्या चाली करून घेण्याचा प्रकार) संघानं सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीतलं ते ४१ वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण, आणि त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. त्या दिवसापासून घरात एकच विषय. आम्ही अट घातली: आधी दोन वर्षं आठवड्यातून दोनदा शिकायचं, स्वतः खरारा करायचा, लीद उचलायची. तिनं ते सगळं केलं. मग आमच्याकडे ‘नाही’ म्हणायला कारण उरलं नाही. इंदूरजवळच्या राऊला दिरांचं शेत आहे, तिथे गडी आहे, शेड आहे. म्हणून डिसेंबरात दत्तजयंतीच्या यात्रेला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला जायचं ठरलं.

बरोबर कोणाला न्यायचं हा पहिला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आम्ही चौघं गेलो: मी, सासरे, लेक आणि तिचे उस्ताद. उस्ताद सैन्यातून निवृत्त झालेले, आयुष्य घोड्यांत गेलेलं. लेकीला रोज घोड्यावर बसलेलं पाहणारा माणूस सोबत नसेल तर बाजारात जाऊच नका. घोड्यातलं कळणारा कोणीही चालत नाही. या मुलाचा तोल कसा आहे, ते घाबरलं की लगाम ओढतं की सोडतं, हे ज्याला माहीत आहे तोच हवा.

इंदूरहून रस्ता सोपा आहे. आग्रा-मुंबई मार्गानं मानपूरचा घाट उतरून धामनोद, खलघाटला नर्मदा ओलांडायची, जुलवानिया, सेंधवा. तिथून निवाली, पानसेमल, खेतिया करत शहादा, आणि शहाद्याच्या पुढे तापीकाठी सारंगखेडा. साधारण अडीचशे किलोमीटर. मूल बरोबर असेल तर सहा-सात तास धरा. यात्रेच्या दिवसांत गावात राहायला जागा मिळणं कठीण, म्हणून आम्ही शहाद्यात मुक्काम केला. खोली आधी सांगून ठेवा. थंडी चांगलीच असते, पहाटे स्वेटर आणि कानटोपी हवीच.

आधी एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि मग बाजारात शिरलो. समोरचं दृश्य असं की कोणाचीही मती गुंग व्हावी. मारवाडी, काठेवाडी, आत वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, पांढरेशुभ्र नुकरे, चट्ट्यापट्ट्यांचे अबलख, चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेले पंचकल्याणी. इथे उंची इंचांत सांगतात आणि ६० इंचांच्या खालच्या जनावराकडे फारसं कोणी बघत नाही. बहुतेक नर अंडील, म्हणजे खच्ची न केलेले. लोक चाल बघतात, नाच बघतात, कपाळावरचे आणि गळ्यावरचे भोवरे तपासतात. सासऱ्यांनी मात्र घरूनच सांगितलं होतं, भीमथडीचं तट्टू मिळालं तर बघू. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं हे आमच्या घरात अजून अभिमानानं बोललं जातं. मल्हारराव होळकरही धनगर कुळातले, आणि ही ठेंगणी, काटक तट्टं आजही धनगरांच्या वाड्यांवर बिऱ्हाडाचं ओझं वाहतात. लहान मुलासाठी त्यांची उंची बरोबर बसते, हा सासऱ्यांचा मुद्दा अगदी योग्य होता.

पहिल्या संध्याकाळी एका व्यापाऱ्यानं आम्हाला हेरलं. मूल बरोबर दिसलं की हेरतातच. “बच्ची के लिए है ना? ये देखो, गाय है गाय.” बुटका नुकरा, आयाळीत लाल गोंडे गुंफलेले. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. लेकीनं नाकाला हात लावला तरी हलला नाही. शेजारून फटफटी गेली, हलला नाही. मागे ताशा वाजला तरी कानसुद्धा फिरवला नाही. मी तर मनात बयाणाही देऊन टाकला होता. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त त्याचा लोंबणारा खालचा ओठ मला बोटानं दाखवला. मग म्हणाले, “मैडम, कल सुबह बिना बताए आएँगे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचलो, तेव्हा घोड्यांच्या तोंडाला चंदीचे, म्हणजे दाण्याचे, तोबरे चढवत होते. तोच नुकरा, तेच गोंडे. आता मात्र डोळ्यांची पांढरी कड दिसत होती, पिछाडीचा दोर ताणलेला, आणि घोडा सांभाळणारा मोतद्दार मागून गेला तसा त्यानं दुगाण्या झाडल्या. लेक माझ्या पदराआड गेली. त्याला संध्याकाळी काही टोचलं होतं की दिवसभर गोल पळवून दमवलं होतं, याचा माझ्याकडे पुरावा नाही. पण रात्रीत झालेला फरक मी या डोळ्यांनी पाहिला. जिथे मी लेकीला उभं केलं होतं तिथेच ते खूर आले होते.

उस्तादांनी त्या वेळी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. लोक घोडा चालताना बघतात, पळताना बघतात. मुलासाठी घेताना तो उभा कसा राहतो ते बघा, निदान तासभर. शांत घोडा आणि गुंगीतला घोडा दोन्ही उभेच दिसतात. शांत घोड्याला सगळं कळत असतं. आवाज आला की कान तिकडे फिरतो, मान थोडी उचलली जाते, मग ती पुन्हा खाली येते आणि तो मागचा एक पाय सैल सोडतो. थोड्या वेळानं दुसरा सोडतो. माशी बसली तर कातडी थरथरवतो. गुंगीतल्याला कशाचीच दखल नसते. पाय फाकवून, मान टाकून तो नुसता असतो. नर असेल तर लिंग बराच वेळ बाहेर लोंबत राहणं हीसुद्धा खूण आहे. शंका असेल तर पशुवैद्यकाकरवी रक्ताची तपासणी करून घ्या. विकणारा त्याला नकार देत असेल तर तेवढ्यावर निघून या.

वरातीच्या घोड्याबद्दलही सांगते, कारण आपल्याकडे अनेकांना तोच सोपा मार्ग वाटतो: बँडला सरावलेला आहे, मग मुलालाही नेईल. आम्हाला अशा दोन घोड्या दाखवल्या. उस्तादांनी एकीचे ओठ हळूच उघडले. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरे पडलेले जाड वण होते. काटेरी लगामाचे. असा लगाम जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंद आहे, तरी वापरतात. ज्या तोंडानं इतकं सोसलंय त्याला मुलाच्या हाताचा हलका इशारा कळत नाही, किंवा कळला तर दुखण्याच्या भीतीनं घोडी मागच्या पायांवर उभी राहते. मला त्या घोडीची फार दया आली, पण दया म्हणून मुलाचा पहिला घोडा घेऊ नये.

आमची घोडी बाजाराच्या कडेला मिळाली, बैलगाड्यांच्या बाजूला. शिरपूरकडचे एक शेतकरी दादा, मुलं कॉलेजला गेली म्हणून विकायला आणलेली. तांबूस कुम्मैत, उंची ५० इंच, पोट थोडं सुटलेलं, एका कानाला जुना चिरा. गोंडा नाही, मेंदी नाही. आम्ही काही न बोलता समोर चहाच्या टपरीवर बसलो आणि तासभर तिला बघितलं. तेवढ्या वेळात एक प्लॅस्टिकची पिशवी उडत तिच्या पायात आली. तिनं मान खाली घालून हुंगली, फुर्र केलं आणि पुन्हा कडब्याला लागली. उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “अब चलो, पूछते हैं.”

पुढची दोन तासांची तपासणी मात्र कडक होती. आधी दादांना सांगितलं, मोहरकी (तोंडावरची दोरी) काढा आणि पुन्हा घाला. चारही खूर उचलून दाखवा. खोगीर चढवून तंग आवळताना ती कान मागे टाकते का, चावायला बघते का, हे नीट पाहिलं. पाठीत दुखणं असेल तर ते इथेच कळतं. मग दादा स्वतः बसले. मालक स्वतः बसायला कचरत असेल तर तुम्ही तुमचं मूल बसवू नका. नंतर दादांचा पुतण्या, नंतर आमच्या ओळखीची एक हलकी, सराव असलेली मुलगी. घोडीला आम्ही मुद्दाम सोबतच्या घोड्यापासून दूर, गावाच्या रस्त्यापर्यंत नेऊन आणलं. कित्येक घोडे सोबत असले की देवासारखे, आणि एकटे निघाले की खिंकाळत मागे वळतात. ट्रॅक्टर गेला तशी घोडी जरा बुजली, पण एक पाऊल बाजूला टाकून थांबली. उस्ताद म्हणाले, बुजत नाही असा घोडाच नसतो, बुजल्यावर काय करतो ते बघायचं. लेक सगळ्यांत शेवटी बसली, डोक्यावर स्वारीचं हेल्मेट, दोर उस्तादांच्या हातात, पंधरा मिनिटं फक्त चाल आणि थोडी दुडकी. तिचे पाय पोटाच्या निम्म्याच्या खाली पोचत होते, म्हणजे टाच लावली तर घोडीला कळणार.

वजनाचं गणित करून ठेवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त होऊ नये. एवढ्या घोडीचं वजन दोनशेच्या पुढे असतं, लेक २४ किलोची, म्हणजे पुढची काही वर्षं प्रश्न नाही. ‘मूल मोठं होईल म्हणून मोठा घोडा घेऊ’ हा हिशेब करू नका. दोन मापं मोठे बूट चालतील, घोडा नाही.

वय दातांवरून बघतात. पाच वर्षांपर्यंत दुधाचे पुढचे दात जाऊन पक्के येतात. त्यानंतर खालच्या दातांवरचे खळगे मधल्या जोडीपासून झिजत आठव्या वर्षापर्यंत जवळजवळ बुजतात. दहाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीशी एक खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते. आमच्या घोडीची खाच निम्म्याच्या थोडी वर होती, म्हणजे तेरा-चौदा. नातेवाईक म्हणाले, म्हातारी घेतली! मुलाच्या पहिल्या घोड्यासाठी हेच वय उत्तम. दहा ते अठरा वर्षांचा, जग बघितलेला, निरोगी असावा. तीन-चार वर्षांचं गोंडस शिंगरू आणि शिकाऊ मूल ही जोडी घातक आहे, दोघांनाही काही येत नसतं. आणि अंडील घोडा लहान मुलासाठी कधीही नको, कितीही गरीब दिसला तरी. खच्ची केलेला मिळाला तर सोनं, पण आपल्याकडच्या बाजारात तो क्वचित मिळतो, म्हणून बहुधा घोडीच घ्यावी लागते. माजावर असताना तिचा स्वभाव कसा होतो हे मालकाला स्पष्ट विचारा. दादांनी न विचारता सांगितलं, दोन दिवस चिडते, तेव्हा मुलं बसत नसत. विश्वास बसला तो यामुळे.

घोडी आम्ही त्या दिवशी आणली नाही. विसार दिला आणि कागदावर लिहून घेतलं की तपासणीत दोष निघाला तर पैसे परत. मग पशुवैद्यकानं पाय, डोळे, श्वास तपासले, रक्त ग्लँडर्ससाठी पाठवलं. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि रोग निघाला तर जनावर कायद्यानं मारावं लागतं. अहवाल हातात आल्याशिवाय घोडा घरी आणू नका, आणि बाजारात मुलाला प्रत्येक घोड्याच्या नाकाशी खेळू देऊ नका, ही माझीच चूक झाली. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, १९५५ पासूनचं. आपल्या भागात घोड्यांची सवय असलेले डॉक्टर कोण, हे तिथे विचारता येतं. गाडीत खरेदीची पावती, आरोग्य दाखला आणि अहवालाची प्रत ठेवा, राज्याची सीमा ओलांडायची असते. मुलाला आणि घोड्याला दोघांनाही धनुर्वाताची लस द्या. टाच असलेले बूट घ्या, सपाट तळव्याचा स्पोर्ट शूज रिकिबीतून आरपार जातो. सायकलचं किंवा क्रिकेटचं हेल्मेट चालत नाही.

खाण्याची चिंता नको. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी, सगळं मिळतं. तिखट झेपत नसेल तर आधी सांगा, हा मिरचीचा मुलूख आहे. पहिल्या दिवशी मुलाला बाजारात नेऊ नका असं मी आता सांगेन. लेकीला तो नुकरा अजून आठवतो, आणि गोंड्यांवरून झालेली रडारड मलाही.

तीन आठवड्यांनी घोडी राऊला आली. दादांनी सोबत चार पोती त्यांचीच कुट्टी आणि तीच चंदी दिली. हे मागूनच घ्या. घोड्याला उलटी करता येत नाही, चारा एकदम बदलला की पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. आठ-दहा दिवसांत हळूहळू आपला चारा मिसळायचा. पहिल्या रात्री ती पाण्याला तोंड लावेना. सासऱ्यांनी दादांना फोन केला. ते म्हणाले, “बादली काळी आहे का? ती घमेल्यातच पिते.” सासऱ्यांनी शेतातलं सिमेंटचं घमेलं तीनदा घासून धुतलं, भरून ठेवलं आणि आम्ही दाराआड उभे राहिलो. थोड्या वेळानं ती आली, हुंगलं, आणि प्यायला लागली. लेक तिच्या घोटांबरोबर हलणारे कान मोजत होती.